जर्मनीच्या खेड्यातले जुने सिनेगॉग, आन् आमच्या गावचं रिकामं मंदिर

अडाण_काठचा:

राम राम मंडळी. प्रश्न थोडा लांबचा आहे पण डोक्यातून जाऊनच नाही राह्यला, म्हणून इथं टाकतो. माझा भाचा मागच्या वर्षी नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीले गेला. दक्षिणेकडं हाइगरलोख म्हणून एक लहानसं गाव आहे, त्याच्या जवळपास राह्यते. डोंगरातून वळण घेत जाणारी नदी, वरतं किल्ला आन् चर्च, आन् त्या चर्चखालच्या खडकातल्या तळघरात म्हणे १९४५ मधी जर्मन शास्त्रज्ञांनी अणुभट्टीचा शेवटचा प्रयोग केला होता. पाहुणे येतात ते तळघर पाहाले येतात.

तर तो ज्या म्हातारीची सेवा करते तिनं एक दिवस बोलता बोलता त्याले सांगितलं, का लहानपणी आम्ही गावातल्या एका मोठ्या घरात सिनेमा पाहाले जात होतो, मंग तिथंच किराणा-भाजीचं मोठं दुकान झालं, आई तिथून सामान आणे. आन् ते घर म्हणजे ज्यू लोकायचं प्रार्थनाघर होतं, सिनेगॉग. हे तिले कळलं तवा ती चांगली मोठी झाली होती. घरात कोणी बोलतच नव्हतं. हे सांगताना ती म्हातारी रडली म्हणे, आन् भाच्यानं रात्री मले फोन लावला.

मी फोटो पाह्यले. आता तिथं प्रदर्शन आहे, गावानं जपून ठेवलं. पण भाचा म्हणते का आजूबाजूच्या गावात अशा लय इमारती आहेत, कुठं कोठार, कुठं घर, कुठं काहीच नाही, फक्त दगडावर पाटी. माझे प्रश्न असे:

हिटलरच्या लोकांनी तर सगळे सिनेगॉग जाळले असं आपण शाळेत शिकलो, मंग हे उभे कसे राह्यले? आन् एवढ्या लहान लहान खेड्यात ज्यू लोक आले कुठून, ते तर शहरातले व्यापारी ना? आन् युद्धानंतर या इमारती कोणाच्या मालकीच्या झाल्या?

आता खरं कारण सांगतो मी हे काऊन विचारून राह्यलो. आमच्या गावात, दारव्ह्याकडं, सैतवाल जैनांचं एक मंदिर आहे. माझ्या लहानपणी त्यायची वीस-पंचवीस घरं होती, कापसाची अडत होती, कपड्याचं दुकान होतं. हळूहळू सगळे यवतमाळ, अमरावती, पुण्याले गेले. शेवटचे काका राहत होते ते वारल्यावर पोरांनी मूर्ती विधीनं उठवून कारंज्याच्या मंदिरात नेली. आता नुसती इमारत आहे. ग्रामपंचायतीत विषय निघाला का ते बचत गटाले सोयाबीन ठेवाले द्यावं, काही पोरं म्हणतात पाडून सभामंडप बांधा. त्या कुटुंबांनी लिहून दिलं आहे का गावाले जे बरं वाटते ते करा. मी त्या कमिटीत आहे. मूर्ती नाही म्हणजे ते आता मंदिर नाही, हे डोक्याले पटते. पण मनाले पटून नाही राह्यलं.

---

नेकर_खोऱ्यातला_वऱ्हाडी:

भाऊ, मी मूळचा मूर्तिजापूरचा, इकडे दक्षिण जर्मनीत अकरा वर्षं झाली. रविवारी सायकल काढून अशी गावं पाहत फिरणं हाच माझा छंद आहे, त्यामुळं उत्तर लांबणार, माफ करा.

आधी जाळण्याचं. ७ नोव्हेंबर १९३८ ला पॅरिसमधी हर्शेल ग्रिनश्पान नावाच्या सतरा वर्षाच्या ज्यू पोरानं जर्मन दूतावासातल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली, त्याच्या आईवडिलांना जर्मनीतून हाकलून पोलंडच्या सीमेवर नेऊन सोडलं होतं. अधिकारी ९ तारखेला मेला, आन् त्याच रात्री म्युनिकमधून हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सनं आग लावून दिली. १४०० च्या वर सिनेगॉग आणि प्रार्थनेच्या खोल्या त्या दिवसात जाळल्या नाहीतर फोडल्या, साधारण ३०,००० ज्यू पुरुष धरून छळछावण्यात नेले. आणि वरून नुकसानभरपाई म्हणून ज्यूंवरच एक अब्ज मार्कांचा दंड बसवला.

पण रात्री एक-दीडच्या सुमारास हायड्रिशचा, म्हणजे नाझी सुरक्षा पोलिसांच्या प्रमुखाचा, जो तार-आदेश पोलिसांना गेला त्यात साफ लिहिलं होतं की आजूबाजूच्या इमारतीला धोका नसेल तरच सिनेगॉग जाळा. आता तुमच्या भाच्याला विचारा खेड्यातली जुनी घरं कशी असतात. लाकडाचा सांगाडा, मधी मातीचं लिंपण, एकाची भिंत दुसऱ्याला चिकटलेली, मागं कुटाराचं कोठार. एक पेटलं की आळीच गेली. म्हणून अशा ठिकाणी जाळलं नाही, आत घुसून फोडलं. बाकं तोडली, झुंबरं पाडली, तोराच्या गुंडाळ्या म्हणजे त्यांचे चामड्यावर हातानं लिहिलेले धर्मग्रंथ रस्त्यावर आणून जाळले. त्सेले म्हणून उत्तरेकडं गाव आहे, तिथलं १७४० चं लाकडी सांगाड्याचं सिनेगॉग याच कारणानं वाचलं. शेजाऱ्याच्या काळजीनं वाचलं, ज्यूंच्या काळजीनं नाही, हे लिहिताना आजही घशात येते.

दुसरं कारण असं की १९३८ च्या नोव्हेंबरच्या आधीच बऱ्याच गावात ज्यू समाजानं इमारत विकून टाकली होती. माणसंच उरली नव्हती. त्यांच्या सामूहिक प्रार्थनेला दहा मोठे पुरुष लागतात, नऊ असले तरी होत नाही. कोणी अमेरिकेला गेला, कोणी फ्रांकफुर्टला गेला, जे राहिले त्यांच्यावर दबाव टाकून मातीमोल भावात विकायला लावलं. फाइट्सहोखहाइम नावाचं गाव आहे वुर्त्सबुर्गजवळ, तिथलं १७३० चं सिनेगॉग असंच गावाकडं गेलं आणि त्याचं फायर ब्रिगेडचं घर केलं. आत दगडाचं कोरीव काम होतं, तोरा ठेवायचं कपाट, वाचायचा ओटा, ते सगळं फोडून खालीच भराव म्हणून टाकलं आणि वर फरशी केली. १९८६ मधी काम निघालं तेव्हा जमिनीतून ते तुकडे निघाले. दगड दगडाला जोडून परत उभं केलं, १९९४ ला उघडलं. मी तिथं उभा होतो, त्या ओट्यावरचे सांधे दिसतात.

इखेनहाउझेनचंही तसंच, १७८१ ची इमारत, एकदम भव्य, युद्धानंतर तिथंही आगीचे बंब उभे राहायचे, मधी मजला टाकला होता. आता विचार करा, १९३८ च्या रात्री देशभर बंबवाले पाण्याचे पाइप घेऊन शेजारच्या घरांवर पाणी मारत उभे होते आणि सिनेगॉग जळू देत होते, त्यांना तसा हुकूमच होता. त्यानंतर जे उरलं त्यातच बंब ठेवले. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, गावाला जागा पाहिजे होती, मोठा दरवाजा होता, उंच छत होतं. पण कोणाच्याच मनात आलं नाही, हेच तर दुखतं.

मालकीचं. युद्धानंतर अमेरिकन ताब्यातल्या भागात वारस न उरलेल्या ज्यू मालमत्तेसाठी १९४८ पासून एक ज्यू वारस संस्था काम करायची. तिनं बहुतेक खेड्यातल्या इमारती गावाला नाहीतर खासगी माणसाला विकल्या आणि ते पैसे वाचलेल्या लोकांच्या कामी लावले. तिथं परत राहायला कोण येणार होतं? म्हणून कोठारं, सुतारखाने, गॅरेज, राहती घरं. किपेनहाइमचं १८५२ चं सिनेगॉग शेतकरी सहकारी संस्थेचं गोदाम झालं. आपल्याकडं सोसायटीचं खताचं गोदाम असते तसंच समजा.

---

आर्वीची_मास्तरीण:

वरच्या दादांनी छान लिहिलं, मी फक्त "खेड्यात आले कुठून" एवढ्यावर लिहिते कारण हा भाग मुलांना शिकवताना नेहमी सुटतो.

ते आधी शहरातच होते. पंधराव्या-सोळाव्या शतकात एकेका शहरानं त्यांना हाकललं, न्युर्नबेर्गनं १४९९ ला, रेगेन्सबुर्गनं १५१९ ला. मग ते छोट्या छोट्या सरदारांच्या गावात वसले. त्या सरदारांना पैसा पाहिजे होता आणि ज्यूंना डोक्यावर छप्पर, म्हणून दरवर्षी संरक्षणाचा कर भरायचा आणि राहायचं. जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघटनेत घेत नव्हते, उरलं काय तर गुरांचा व्यापार, धान्य, कापड, फेरीचा धंदा. आपल्या बैलबाजारातल्या दलालासारखंच, सगळ्या पंचक्रोशीतल्या गोठ्यांची माहिती, कोणाची गाय कधी व्यायली ते पाठ, शेतकऱ्याला उधारीवर जनावर द्यायचं आणि पीक आल्यावर पैसे घ्यायचे. म्हणजे हे लोक गावाच्या बाहेरचे नव्हतेच, शेतीच्या व्यवहाराच्या मधोमध होते. हे मी मुद्दाम सांगते कारण आपण वाचताना "अल्पसंख्य" असा शब्द वाचतो आणि माणूस डोळ्यासमोर येत नाही.

बव्हेरियात, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या राज्यात, १८१३ चा कायदा होता, त्यात प्रत्येक गावात ज्यू कुटुंबं किती राहू शकतील याचा आकडा ठरवून दिला होता. बापाचा नंबर एका मुलाला मिळायचा, बाकीच्यांनी लग्न करून तिथंच घर मांडायची सोय नाही. म्हणून धाकटी पोरं अमेरिकेला गेली. ज्याच्या नावाची जीन्स आपली पोरं घालतात तो लेवी स्ट्रॉस बुटनहाइम नावाच्या अशाच खेड्यातला, १८२९ चा जन्म. १८६१ ला ती अट उठली आणि मग लोक शहराकडं निघाले, शाळा, कॉलेज, रेल्वे, दुकानं. तेव्हापासूनच खेड्यातली सिनेगॉग रिकामी व्हायला लागली होती.

होर्ब आम माइन इथलं तर त्याच्या आधीचंच उदाहरण. लाकडाचं छोटं प्रार्थनाघर, १७३५ मधे एलिएझर झुसमान नावाच्या, पोलंडकडच्या ब्रोडीहून आलेल्या चित्रकारानं आतून पूर्ण रंगवलं, फुलं, वेली, सिंह, पक्षी, हिब्रू अक्षरं. गावात ज्यू उरले नाहीत म्हणून तिथं गवत भरायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणाच्या तरी नजरेला वर रंग दिसले. ते लाकडी छत आज जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. वरती रंगवलेले सिंह आणि खाली गवत, किती वर्षं.

पण भाऊ, एक फरक लक्षात ठेवा. तुमच्या गावची जैन मंडळी आपल्या मनानं गेली, आणि देव सोबत घेऊन गेली. त्यांचा फोन नंबर तुमच्याकडं आहे. हाइगरलोखच्या लोकांना १९४१-४२ मधे गाडीत घालून पूर्वेकडं नेलं. तिथं प्रश्न जुन्या वास्तूचा नाही, शेजाऱ्याचा आहे. दोन्ही गोष्टी एका तागडीत टाकू नका.

---

अडाण_काठचा:

ताई, बरोबर आहे तुमचं. मी तागडीत नाही टाकून राह्यलो, पण माझं लिहिणं तसं वाटलं असंल तर चुकलं. मले एवढंच म्हणायचं होतं का इमारत पाहून मनात जे होते ते सारखं आहे.

---

कास्तकार_पुसद:

मी जास्त शिकलेला नाही पण एक गोष्ट सांगतो. वापर आहे तोवर छप्पर आहे. ज्या घरात दिवा नाही त्याचं पावसाळ्यात टीन उडते, कोणी बसवत नाही, तीन वर्षात भिंत बसते, मंग लोक विटा नेतात. आमच्या इथल्या जुन्या जिनिंगचं तेच झालं, भलं मोठं दगडी बांधकाम, पिंपळ उगवला आन् गेलं. ते जर्मनीतलं घर किराणा दुकान झालं म्हणून तर उरलं ना? कोठार झालं म्हणून कोणीतरी कवेलू बदलले. सोयाबीन ठेवा, त्यात पाप काय आहे? अन्नच आहे.

---

नेकर_खोऱ्यातला_वऱ्हाडी:

कास्तकार भाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण एरफुर्ट. मोठं शहर आहे पण सांगतोच. तिथलं जुनं सिनेगॉग, त्याचे सगळ्यात जुने भाग साधारण १०९४ चे. १३४९ मधी प्लेगच्या काळात ज्यूंची कत्तल झाली, मग ती इमारत एका व्यापाऱ्याकडं गेली, त्यानं धान्याचं कोठार केलं, नंतर कित्येक शतकांनी तिथं हॉटेल, नाचघर, बोलिंगचा खेळ. चारी बाजूनं एवढं बांधकाम चढलं की आत सिनेगॉग आहे हेच शहर विसरलं. आणि विसरलं म्हणूनच १९३८ मधी वाचलं. शेवटी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला अभ्यासकांनी भिंती उकलल्या, २००९ ला म्युझियम झालं, २०२३ ला युनेस्कोच्या यादीत गेलं.

आणि ग्रोब्त्सिग, पूर्वेकडचं छोटं गाव. तिथल्या उरलेल्या ज्यूंनी १९३४ मधीच सिनेगॉग गावाच्या म्युझियमसाठी देऊन टाकलं. चार वर्षांनी रात्र आली तेव्हा ते म्युझियम होतं, म्हणून राहिलं.

रेक्सिंगनचं सिनेगॉग १९५२ पासून प्रोटेस्टंट चर्च आहे. तिथले बरेच ज्यू १९३८ मधीच गट करून पॅलेस्टाइनला गेले आणि समुद्राकाठी शवेई त्सियोन नावाचं गाव वसवलं, आजही आहे. गुरांचे व्यापारी होते, तिकडं जाऊन स्वतःची शेती केली. मी त्या चर्चमधी शांत बसलो होतो थोडा वेळ. तिथं मला वाईट वाटलं नाही. प्रार्थनेच्या जागी प्रार्थनाच चालू आहे असं वाटलं, पण ज्यांचं होतं त्यांना काय वाटते ते तेच सांगू शकतात.

पण कोठारात फरक असते भाऊ. माणसं ठेवतात कशी त्यावर आहे. ते मी पुढं लिहितो, आता ड्यूटी आहे.

---

माहेर_अलिबाग_सासर_अकोला:

माझं माहेर रेवदंड्याकडचं, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू लोक होते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. मराठी बोलायचे, आडनावं गावावरून, रेवदंडेकर, पेणकर, दिवेकर. सिनेगॉगला ते मशीदच म्हणायचे, अलिबागला आहे, रेवदंड्याला आहे. पुण्यातलं लाल देऊळ तर सगळ्यांना माहीत, तेही सिनेगॉगच. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. कोणी हाकललं नाही, बाया गळ्यात पडून रडल्या असं आजी सांगायची, पितळी भांडी शेजारी ठेवून गेले. आजही ते लोक तिकडून येतात, म्हातारे हात धरून नातवंडांना विहीर दाखवतात, आमच्या घरी चहा पितात. त्यांची मशीद अजून झाडलेली असते.

जर्मनीचं वाचलं की मला तेच आठवतं, की शेजारी कसा आहे त्यावर इमारतीचं नशीब असतं. तुमच्या गावातल्या जैन बायांची माहेरं-सासरं कुठली, कोणाची मुलगी कुठं दिली, हे अजून सांगणारं कोणी जिवंत असेल तर आधी ते लिहून घ्या. भिंत उद्याही लिंपता येते.

---

अडाण_काठचा:

वहिनी तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलं. आमच्या आईले सगळं तोंडपाठ आहे, ती ८१ वर्षाची आहे. आजच वही घेतो.

एक विचारतो. आमच्या इथं मूर्ती उठवली का वास्तू साधी होते, पण तिथं मांस-मटण नको, दारू नको, हे सगळे मानतात. ज्यू लोकायचा नियम काय आहे? त्यायचा देव तर मूर्तीत नाहीच.

---

आर्वीची_मास्तरीण:

त्यांच्या मिश्ना या जुन्या धर्मग्रंथात यावर वेगळा भागच आहे, मगिल्ला नावाच्या पुस्तकात, जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेला. तिथं पायऱ्या आहेत. गावचा चौक विकला तर त्या पैशातून सिनेगॉग घ्यावं, सिनेगॉग विकलं तर तोरा ठेवायचं कपाट घ्यावं, कपाट विकलं तर तोरा गुंडाळायची वस्त्रं, ती विकली तर ग्रंथ, ग्रंथ विकले तर तोरा. म्हणजे पैसा नेहमी वरच्या पायरीकडं जायला पाहिजे, तोरा विकून खालच्या पायरीची वस्तू घेता येत नाही. इमारत ही त्या शिडीवर खालच्या बाजूला आहे, शब्द सगळ्यात वर. आणि विकलेल्या सिनेगॉगचं काय करू नये तेही लिहिलं आहे, न्हाणीघर करू नये, कातडी कमावायची जागा करू नये, विधीच्या स्नानाचं कुंड करू नये, मुतारी करू नये. बाकीच्या वापराला ऋषींनी, म्हणजे त्यांच्या पंडितांनी, मोकळीक दिली. धान्याला बंदी नाही.

मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. तुमच्या गावच्या "मांस-मटण नको" सारखंच आहे हो, वास्तू साधी झाली तरी अगदीच साधी होत नाही.

अजून एक. देवाचं नाव लिहिलेला कागद ते फेकत नाहीत. फाटलेली पोथी, पंचांग, चामड्याचे पट्टे, सगळं सिनेगॉगच्या माळ्यावर टाकून ठेवायचे, त्याला गेनिझा म्हणतात. दक्षिण जर्मनीतल्या कित्येक खेड्यांत छप्पर दुरुस्त करताना माळ्यावरून असे ढीगच्या ढीग निघाले. तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रार्थनेच्या पुस्तकांसोबत लहान मुलांचे धडे, चपला, व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या. दरवाजे तोडणारे लोक माळ्यावर चढले नव्हते. फाइट्सहोखहाइमलाही माळ्यावरून असंच निघालं.

तुमच्या मंदिराला माळा आहे का?

---

नेकर_खोऱ्यातला_वऱ्हाडी:

आलो. आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

तुमच्या भाच्याच्या गावाहून फार लांब नाही, रोटेनबुर्गकडं बाइसिंगन नावाचं खेडं आहे. तिथलं सिनेगॉग १७८४ चं. १९३८ मधी आतून फोडलं, आग लावली नाही. मग एका शेतकऱ्यानं घेतलं आणि त्याचं कोठार केलं, गवत, पेंढा, अवजारं. चाळीस-पन्नास वर्षं असंच. मग गावानं घेतलं आणि १९९८ ला स्मारक म्हणून उघडलं. आता इथं मुख्य गोष्ट अशी की त्यांनी ते नवंकोरं केलं नाही. सोपं होतं, छत निळं आहे, त्यावर चांदण्या रंगवलेल्या आहेत, थोडा पैसा घातला असता तर सगळं १७८४ सारखं चकचकीत झालं असतं आणि फोटो सुंदर आले असते. त्यांनी ठरवलं की नाही, जे झालं ते सगळं दिसू द्यायचं. फोडल्याच्या खुणा, कोठाराच्या खुणा, उखडलेला गिलावा, उरलेल्या चांदण्या. आत गेलं की तीन काळ एकाच भिंतीवर दिसतात.

मी बाकी पुष्कळ ठिकाणी सुंदर दुरुस्ती पाहिली आहे, तिथं गाण्याचे कार्यक्रम होतात, लग्नाची नोंदणी होते, चांगलंच आहे, भिंती राहिल्या. १९८८ ला त्या रात्रीला पन्नास वर्षं झाली, त्याच्या आगंमागं बऱ्याच गावांना जाग आली, पोरांनी आईबापाला प्रश्न विचारायला सुरुवात केली होती, त्यातून हे सगळं उभं राहिलं. पण काही जागी एवढं गुळगुळीत केलं आहे की तुम्ही आत जाता, झुंबर पाहता, सोनेरी अक्षरं पाहता आणि वाटते की माणसं आत्ताच उठून गेली, १९३८ झालंच नाही, गोदाम झालंच नाही. त्या मधल्या वर्षांची लाज पुसली जाते. माझं मत विचाराल तर गोदामाचा काळ पण त्या इमारतीचाच आहे, तो झाकू नये. त्या म्हातारीला रडू आलं ते हाइगरलोखचं सिनेगॉग बांधलं त्या १७८३ सालासाठी नाही आलं, तिच्या आईच्या किराण्याच्या थैलीसाठी आलं.

अजून एक गोष्ट पाहिली का सायकल थांबवतो. जुन्या घरांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर कधी कधी एक तिरपी खाच दिसते, बोटभर लांब. तिथं मेझुझा असायची, देववचन लिहिलेली छोटी डबी, आत जाताना हात लावायचा. डबी गेली, दहा वेळा रंग झाला, खाच आहे. काही घरमालकांना माहीतच नसते, काहींना माहीत असते आणि ते मुद्दाम बुजवत नाहीत.

जे पूर्णच गेले त्यांच्यासाठी डार्मश्टाट विद्यापीठातल्या आर्किटेक्चरच्या पोरांनी वेगळं काम केलं. १९९४ ला ल्युबेकमधी सिनेगॉगवर आगीचा हल्ला झाला, युद्धानंतर कितीतरी वर्षांनी, त्यानं ते पोरं हादरले आणि १९९५ पासून जळून गेलेली सिनेगॉग जुन्या नकाशावरून, फोटोवरून, म्हाताऱ्यांच्या आठवणीवरून कॉम्प्युटरवर परत उभी करायला लागले. एकेका खिडकीचा रंग विचारायला जगभर पत्रं पाठवली.

तुमच्या कमिटीत माझं एक मत टाका भाऊ. सोयाबीन ठेवा, कास्तकार भाऊ म्हणतात तसं छप्पर राहील. फक्त आतून प्लास्टर मारून सरसकट पांढरं करू नका.

---

कास्तकार_पुसद:

हाव, हे पटलं. ओल लागू नये म्हणून खाली लाकडी पाट टाका आन् भिंतीपासून दीड हात सोडून पोते लावा. भिंतही राहीन, मालही राहीन.

---

अडाण_काठचा:

मंडळी, आठ दिवस झाले, सांगतो काय झालं ते.

माळा आहे. मास्तरीण ताईनं विचारलं तवा मले आठवलंच नव्हतं, सभामंडपाच्या वरतं लाकडी तक्तपोशी आहे, लहानपणी तिथं पारवे राहत. रविवारी शिडी लावून मी आन् काकाचा नातू चढलो, त्याले मुद्दाम अमरावतीहून बोलावलं, त्यायच्या घरच्याशिवाय हात लावणं बरं नाही वाटलं. पारव्याची घाण गुडघ्याएवढी. त्याच्या खाली टिनाची पेटी, एक कोपरा गंजून गेलेला. आत लाल कपड्यात बांधलेल्या चार पोथ्या, एकीले वाळवी लागली होती, आन् अडतीच्या सात-आठ बह्या. आम्ही पोथ्या सोडल्या नाहीत, तशाच बांधलेल्या ठेवल्या. कारंज्याचं ग्रंथभांडार जुन्या पोथ्यांसाठी नावाजलेलं आहेच, तिथं घेऊन जाणार आहे तो. बह्या मात्र आईच्या पुढं उघडल्या. तिले वाचता येत नाही, मी नावं वाचत गेलो आन् ती सांगत गेली, हा कोणाचा बाप, त्याची बायको कुठली, पोरगी वाशिमले दिली. आमच्या आजोबाचं नाव निघालं एका पानावर, कापूस चार गाठोडे, उचल ४० रुपये, पुढं काट मारलेली. फेडली होती म्हणजे.

एकूण तेवीस घरायची नावं लिहून झाली. त्या नातवानं वहीचे फोटो काढले आन् नागपूर, पुण्याले सगळ्याईले पाठवले, रात्री एक वाजेपर्यंत आईच्या फोनवर फोन येऊन राह्यले होते.

कमिटीत ठरलं ते असं, का सभामंडप बचत गटाले द्यायचा, गाभारा बंद ठेवायचा, त्यात पोते नाही. पाडायचा विषय संपला. मांस-मटण, दारू, संडास-बाथरूम त्या आवारात नाही, हे ठरावात लिहून घेतलं, ताई तुमच्या त्या जुन्या ग्रंथाचं मी मीटिंगीत वाचून दाखवलं, सरपंचबाई म्हणाल्या हे तर आपलंच वाटते.

भाच्याले बाइसिंगनचं सांगितलं, तो सुट्टीच्या दिवशी सायकलनं जाणार आहे. म्हातारीनं त्याले सांगितलं म्हणे का येताना तिथल्या छताचा फोटो आण, तिले कधी जाणं झालं नाही.

रंगवाला उद्या येते. गाभाऱ्याच्या चौकटीवर हळदी-कुंकवाच्या बोटायचे थर आहेत, बायांनी वर्षानुवर्षं लावलेले, जाड झाले आहेत, नख लागलं तर पोपडा निघते. तेवढ्यावर ब्रश फिरवू नको म्हणून त्याले तीनदा बजावलं आहे, आन् सकाळी मी स्वतः उभा राहणार आहे.